म्हातारीचे दहा व्होल्ट

मंगळवारी सकाळी दहा वाजता, मोंतेविदेओच्या रेदुक्तो भागातल्या बिदेगाइन वर्कशॉपमध्ये, जुन्या व्होल्टमीटरची मेमरी चिप बोर्डापासून सुटी झाली. बाहेर जुलैची थंडी होती. दार आतून लावलेले होते आणि दारावर ‘दुपारी या’ अशी पाटी होती.

चिप काढणारी निबिया बिदेगाइन, वय अठ्ठावन्न, आठ वाजल्यापासून खुर्चीवरून उठली नव्हती. काम अवघड नव्हते, भीतीचे होते. या जुन्या चिपच्या पोटातच एक छोटी बॅटरी असते आणि त्या बॅटरीच्या जिवावर चिप आपले आकडे लक्षात ठेवते. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नमधून विजेचा जरासा अंश जरी चिपच्या पायात उतरला तरी सगळे पुसले जाते. म्हणून आयर्न तापवायचे, त्याची पिन भिंतीतून उपसायची, मगच पायाला टेकवायचे, सोल्डर ओढून घ्यायचे आणि पुन्हा पिन लावायची. प्रत्येक पायाला असेच.

पिन उपसायचे काम तिच्या वडिलांचे जुने मित्र वॉशिंग्टन सागारदुई यांच्याकडे होते. नावावर जाऊ नये. आमच्याकडे उरुग्वेत जुन्या लोकांना मुलांची नावे परदेशी आडनावांवरून ठेवायची हौस होती. त्यांच्या भावाचे नाव नेल्सन. वॉशिंग्टन सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि निवृत्त झाले तरी रोज सकाळी काखेत थर्मास घेऊन वर्कशॉपमध्ये येतात.

“काढली?” निबिया दर वेळी विचारी.

“काढली.”

“नक्की ना, काका?”

“पोरी, पिन माझ्या हातात आहे. चावून दाखवू का?”

त्यांचा मातेचा, म्हणजे आमच्या पाल्याच्या कडू चहाचा, पोकळ भोपळा आणि थर्मास टेबलावरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे होता. हा पट्टा निबियाच्या वडिलांनी, एल्बिओ यांनी, रंगवला होता. गरम पाणी पट्ट्याच्या पलीकडे न्यायचे नाही. एल्बिओ गेले त्याला चार वर्षे झाली, पण अजून कोणी नेलेले नाही.

पट्ट्याच्या पलीकडे जो व्होल्टमीटर उघडा पडला होता त्याला सगळे म्हातारी म्हणतात. अमेरिकी बनावटीचा, दोन माणसांनी उचलायचा, रेडिओच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून एल्बिओंनी आणलेला. दुकानातले बाकीचे मीटर म्हातारीशी ताडून लावले जात. लिफ्टवाले, हौशी रेडिओवाले, बर्फाच्या कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, सगळे आपापले मीटर घेऊन येत आणि एल्बिओ म्हणत, “थांबा, म्हातारीला विचारू.” फेब्रुवारीत कार्निव्हलच्या मंचांवरचे अँप्लिफायर दुरुस्तीला येत तेव्हा दारापासून टेबलापर्यंत पाय ठेवायला जागा नसे, गाणारी मंडळी रंगवलेल्या तोंडांनीच आत येऊन घाई करत, तरी म्हातारीच्या भोवती हातभर जागा मोकळी राहायची. हिवाळ्यात तिच्यावर घोंगडी असायची. वाऱ्याच्या झुळकेने तिचा शेवटचा आकडा हलतो, म्हणून मोजताना दार उघडणाऱ्याला एल्बिओ बोलायचे. एकदा त्यांनी गॅसचे सिलिंडर आणणाऱ्यालाही बाहेर ताटकळत ठेवले होते.

निबियाला एकच गोष्ट हवी होती: म्हातारी तिच्या वडिलांच्या आकड्यांवरच उठावी.

कारण असे. दहा व्होल्ट म्हणजे नक्की किती, हे मीटरला कोणीतरी सांगावे लागते. ते शेवटचे एल्बिओंनी सांगितले, मरण्याच्या वर्षभर आधी, वॉशिंग्टन शेजारी असताना. त्यासाठी त्यांनी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतले दहा व्होल्टचे प्रमाण, म्हणजे ज्याचे व्होल्ट नेमके ठाऊक आहेत असा डबा, एक दिवसासाठी उसने आणले होते. ती प्रयोगशाळा आता नाही. प्रमाणाचा डबाही कुठे गेला, माहीत नाही. त्या दिवशी जे ठरले ते फक्त या चिपमध्ये उरले होते आणि चिपमधल्या बॅटरीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. एखाद्या सकाळी म्हातारी चालू करावी आणि तिला काहीच आठवू नये, असे कधीही होऊ शकत होते. चार वर्षे निबियाने तिचे झाकण उघडले नव्हते. आता न उघडणे धोक्याचे झाले होते.

चिप सुटी झाल्यावर तिने ती कॉम्प्युटरला जोडलेल्या, चिप वाचणाऱ्या यंत्रात बसवली आणि आतला मजकूर दोनदा उतरवून घेतला. दोन्ही प्रती अक्षर न् अक्षर सारख्या निघाल्या. वॉशिंग्टन यांनी माते भरली आणि तिच्यापुढे धरली. ती पट्ट्याच्या अलीकडे आली, भोपळा घेतला, आणि प्यायच्या आधी बराच वेळ नुसता हातात धरून बसली.

दुपारपर्यंत बाकीचे काम झाले. बोर्डावर चिपसाठी सॉकेट बसवले, म्हणजे पुढे कधी चिप बदलायची झाली तर सोल्डरचा खेळ नको. बॅटरीशिवाय आकडे धरून ठेवणारी नवी चिप त्यात दाबून बसवली. फुगलेले कपॅसिटर बदलले. खडखडणारा पंखा काढून मुका पंखा लावला. त्याची मात्र वॉशिंग्टन यांनी तक्रार केली.

“आवाज येत नाही. चालू आहे की मेली, कळायचं कसं?”

“दिवा लागलाय ना.”

“दिवा काय, आमच्या घरच्या फ्रिजलाही लागतो.”

चालू केल्यावर म्हातारीने कसलीही तक्रार दाखवली नाही. पॅनेलवर एक बटण असे आहे की ते दाबले तर आजवर आपल्याला किती वेळा प्रमाणाशी नव्याने लावले गेले तो आकडा ती सांगते. निबियाने ते दाबले. एक्केचाळीस. एल्बिओ गेले तेव्हाही एक्केचाळीसच होते.

“वय आठवतंय बाईला,” वॉशिंग्टन म्हणाले.

इथपर्यंत सगळे ठीक होते.

त्या संध्याकाळी निबियाने उतरवून घेतलेला मजकूर कॉम्प्युटरवर उघडला. वडिलांनी ठरवलेले आकडे तिने कधी पाहिले नव्हते. ते चिपच्या आत होते आणि आत डोकावायला वाटच नव्हती. बहुतेक आकडे अर्थ लागण्यासारखे नव्हते. एक मात्र लागला. शेवटच्या वेळी मीटरला प्रमाणाची जी किंमत सांगितली गेली ती तिथे नोंदलेली होती. दहा, आणि पुढे सगळी शून्ये.

प्रमाणाच्या डब्यावर पितळी पट्टी होती. तिच्यावर कोरलेली किंमत निबियाला पाठ होती, कारण त्या आठवड्यात एल्बिओ जेवतानाही ती म्हणत होते. १०,०००११. शेवटच्या दोन एकांसाठीच तर तो डबा आणायचा खटाटोप केला होता.

बुधवारी सकाळी तिने वॉशिंग्टनना ते दाखवले.

“प्रोग्रॅमने खाल्ले असतील एक,” ते म्हणाले.

“प्रोग्रॅम काही खात नाही, काका. मीटरला दहा सांगितलंय. नुसतं दहा.”

“एल्बिओ नुसतं दहा सांगेल? तो माणूस पावाचा तुकडासुद्धा तोलून मागायचा.”

“तेच तर म्हणतेय मी.”

पुढचे जे घडले ते नदीपलीकडून, अर्जेंटिनातून आले. ब्युनोस आयर्सच्या बाजूला ला प्लातामध्ये लादिस्लाओ फेरेच्चो नावाचे एक गृहस्थ आहेत. जुनी उपकरणे सांभाळणाऱ्यांसाठी त्यांनी दहा व्होल्टचा एक डबा तयार केला आहे. तो आळीपाळीने सगळ्यांकडे फिरतो. टपालाने पाठवत नाहीत, कोणीतरी येणारा-जाणारा हातात घेऊन येतो. मेमरी बदलायची म्हणून निबियाने महिनाभर आधीच नंबर लावला होता. गुरुवारी दुपारी लादिस्लाओंची मेव्हणी फेरीबोटीने उतरली आणि डबा देऊन गेली. तो तिने मांडीवर, शालीत गुंडाळून आणला होता.

“मुलासारखा सांभाळलाय,” ती म्हणाली. “फरक इतकाच की रडला नाही.”

डब्याबरोबर लादिस्लाओंनी बोलून पाठवलेला निरोप फोनवर आला. निबियाने तो मोठ्याने लावला.

“निबिया, आधी मोजायचं, मग हात लावायचा. जे दिसेल ते तसंच कळवायचं, लाजायचं नाही. आणि एक, आकडा पॉइंट घालून पाठव. तुम्ही पलीकडचे लोक सगळे कॉमा घालता. आम्हीही घालतो म्हणा, पण माझा प्रोग्रॅम गोऱ्या साहेबाचा आहे. कॉमा दिसला की पुढचं सगळं टाकून देतो. बोंबलतही नाही. मागे सालतोहून एकाने नऊ कॉमा काहीतरी पाठवलं आणि माझ्याकडे नुसते नऊ व्होल्ट. मला वाटलं बिचाऱ्याचं मशीन गेलं.”

वॉशिंग्टन माते ओतत होते. पाणी भोपळ्याच्या काठावरून वाहून टेबलावर आले आणि पिवळ्या पट्ट्याकडे सरकू लागले. निबियाने फडका टाकला.

“काका?”

“परत लाव ते.”

तिने परत लावले. वॉशिंग्टन यांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

आमच्याकडे पूर्णांकानंतर स्वल्पविराम देतात. शाळेत तसेच शिकवतात, भाजीवाला पाटीवर तसेच लिहितो, आणि बोलतानाही दहा कॉमा पाच असेच म्हणतात. टिंब आले तर ते हजारांसाठी. म्हातारीच्या पॅनेलवर मात्र टिंबाचेच बटण होते. तोंडाने काहीही म्हणा, बोटाला दुसरे काही दाबायला नव्हते, म्हणून चाळीस वेळा चूक झाली नाही. शेवटच्या वेळी ती बटणे झिजली होती. वॉशिंग्टन यांनी स्वतः एक वायर जोडून मीटर कॉम्प्युटरला लावून दिला होता. त्या वायरचा त्यांना फार अभिमान होता. आता बटणे नकोत, नुसते टाइप करा.

“मी सांगत होतो, तो टाइप करत होता,” वॉशिंग्टन म्हणाले. “चष्मा नव्हता त्याचा. दोन बोटांनी. मी पट्टीवरचं वाचून दाखवलं. दहा. कॉमा. शून्य शून्य शून्य एक एक.”

“आणि बाबांनी कॉमा टाइप केला.”

“मी कॉमा म्हटलं तर तो दुसरं काय टाइप करणार? त्याने माझं कधी ऐकलं नाही आयुष्यात. फुटबॉलमध्ये पेनारोलचा असून माझ्याबरोबर आमच्या नासिओनालच्या मॅचला यायचा तो फक्त शिव्या द्यायला. आणि ऐकलं ते नेमकं तेवढंच.”

निबिया हसली. ते हसले नाहीत.

म्हणजे म्हातारीने दहा ऐकले, पुढचे टाकून दिले, आणि प्रमाणाचे जे थोडे जास्त दहा व्होल्ट होते त्यांनाच पूर्ण दहा धरून बसली. तेव्हापासून ती सगळे किंचित कमी दाखवत असणार. फरक दहा लाखांत अकराचा. लिफ्टवाल्याच्या मीटरला तो कधी दिसणार नाही. त्याच्या मीटरवर आकड्यांची तेवढी घरेच नाहीत. पण म्हातारीचे नाव त्या घरांसाठी होते.

शुक्रवारी सकाळी मोजले. म्हातारी रात्रभर चालू ठेवली होती, कारण तिला अंथरुणातून उठायला वेळ लागतो, असे एल्बिओ म्हणत. घोंगडी घातली. दाराखाली फडका लावला. वॉशिंग्टन खुर्ची घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले, अंगाची ऊब तिकडे पोचू नये म्हणून. डब्यावर लादिस्लाओंच्या अक्षरात ९,९९९९८ लिहिले होते. तिथे मात्र त्यांनीही कॉमाच घातला होता.

म्हातारीवर शेवटचे घर थोडा वेळ वरखाली झाले आणि थांबले.

“बोल,” वॉशिंग्टन तिकडून म्हणाले.

“नऊ, पुढे चार नऊ, मग शून्य.”

“आठने कमी.”

“आठने.”

“अकरा हवे होते.”

“तीन म्हातारपणाचे असतील. इतक्या वर्षांत सरकली असेल.”

“म्हणजे आम्ही चुकवलं आणि ती आपली आपण तीनने सुधारली.” त्यांनी डोके हलवले. “किंवा आठच्या आठ म्हातारपणाचे आणि कॉमाचं काही नाहीच.”

“मग शून्यं कशी आली, काका?”

  एल्बिओंनी त्या दिवशी दुसरे काही केले असेल, डब्याचा स्क्रू फिरवून तो बरोबर दहावर आणला असेल, अशीही एक शक्यता निबियाने बोलून दाखवली. उसन्या आणलेल्या प्रमाणाला स्क्रूड्रायव्हर लावणारा माणूस एल्बिओ नव्हता, असे वॉशिंग्टन म्हणाले, आणि निबियाने तो विषय सोडला.

डबा चारच्या बोटीने परत जायचा होता. नव्याने लावायचे असेल तर ते दुपारच्या आत व्हायला हवे होते.

“लाव,” वॉशिंग्टन म्हणाले. “आजच लाव. माझा कॉमा आहे तो, मला तो पुसलेला बघायचाय.”

“तुमचा कॉमा, पण हात बाबांचा.”

“तो असता तर आत्तापर्यंत तीनदा लावून झालं असतं. वर मला महिनाभर बोलला असता.”

“असते तर काय, मग प्रश्नच नव्हता.” ती म्हातारीकडे बघत होती. “चार वर्षं मी रोज सकाळी हिला चालू करते. दहा म्हणजे किती, ते बाबा सांगतायत असं वाटतं. कळतंय ना? दुसरं काही उरलंय का त्यांच्या हातचं, जे अजून चालतंय? तुमचा पट्टा सोडून.”

“पट्टा माझा नाही, त्याचाच.”

“तेच ते.”

वॉशिंग्टन उठले, खोली ओलांडून आले आणि नव्या सॉकेटवर बोट ठेवले.  निबियाने ते बोट पाहिले आणि खणातून आणखी एक कोरी चिप काढली. वडिलांचे आकडे तिने तिच्यातही उतरवले. आता दोन सारख्या चिपा झाल्या. पहिली काढून तिने स्पंजात टोचून ठेवली, दुसरी सॉकेटमध्ये बसवली. मीटर पुन्हा तापेपर्यंत वॉशिंग्टन कोपऱ्यावरून बिस्किटे घेऊन आले. त्यातले एकही कोणी खाल्ले नाही.

मग ती कॉम्प्युटरसमोर बसली.

“सांगा, काका.”

“मी?”

“तुम्हीच सांगायचं.”

त्यांनी डब्यावरचे अक्षर नीट पाहिले. “नऊ,” ते म्हणाले. आणि पुढे, “कॉमा.” आणि मग, “अरे देवा.”

“पॉइंट,” निबिया म्हणाली आणि तिने टिंब टाइप केले. “पुढे.”

“नऊ नऊ नऊ नऊ आठ.”

म्हातारी काही मिनिटे स्वतःशीच टिकटिक करत राहिली. तिच्या आतले रिले नावाचे स्विच एकेक करून बदलण्याचा तो आवाज दोघांनाही ओळखीचा होता. नव्या पंख्यामुळे तो प्रथमच इतका स्वच्छ ऐकू येत होता. मग पडदा स्थिर झाला. डबा आता ९.९९९९८ मोजला जात होता. निबियाने पॅनेलवरचे ते बटण दाबले. बेचाळीस.

लादिस्लाओंना तिने नियमाप्रमाणे पहिलाच आकडा कळवला, हात लावण्याआधीचा, टिंब घालून. मेव्हणी साडेतीनला आली आणि डबा शालीत गुंडाळून घेऊन गेली.

संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना टेबलावर उघडी म्हातारी होती, तिच्या सॉकेटमध्ये बेचाळीसची चिप होती, आणि स्पंजात दोन चिपा होत्या: एल्बिओंच्या आकड्यांची नवी, आणि मूळ जुनी, जिच्यातली बॅटरी अजून तग धरून होती. वॉशिंग्टन यांनी जाताना तिघींकडे पाहिले आणि “सोमवारी येतो” म्हणाले. शनिवारी निबिया एकटीच वर्कशॉपमध्ये होती.

सोमवारी सकाळी ते आले तेव्हा म्हातारीचे झाकण बसलेले होते आणि सगळे स्क्रू आवळलेले होते. स्पंजातल्या दोन्ही चिपा काळ्या होत्या आणि त्यांच्यावर काही लिहिलेले नव्हते. जुनी कोणती ते तिच्या जाडीवरून कळत होते. दुसरी एल्बिओंच्या आकड्यांची की बेचाळीसची, हे कळत नव्हते.

साडेनऊला बर्फाच्या कारखान्याचा इलेक्ट्रिशियन आपला मीटर घेऊन आला. निबियाने घोंगडी सारखी केली आणि म्हणाली, “थांबा, म्हातारीला विचारू.” त्याचा मीटर बरोबर निघाला. तो दोन्ही चिपांवर तसाच निघाला असता.

वॉशिंग्टन यांनी माते भरली. पहिली स्वतः घेतली, दुसरी निबियाला दिली. एक्केचाळीस की बेचाळीस ते सांगणारे बटण त्यांच्या हातापासून दीड हातावर होते, पट्ट्याच्या पलीकडे. निबिया सांगते की बुधवारपर्यंत त्यांनी ते दाबलेले नाही आणि तिला काही विचारलेलेही नाही.